दोष माणसाचा कीं जातीचा?



लोकशाहींत मतभेद असावयाचेच. ते नसतील तर निवडणुकीचें प्रयोजनच उरणार नाहीं. मग मतभेद कोठें संपतो आणि अतिरेक कोठें सुरू होतो? त्याची एक सोपी खूण आहे. न्यायालयांत ज्याचा त्याचा गुन्हा तपासला जातो. मतपेटीपाशींही प्रत्येकजण एकेकटाच जातो. लोकशाही माणसें अशीं एकेक करून मोजते. अतिरेकी मनुष्य मात्र सबंध जात किंवा सबंध धर्म एकाच आरोपाखालीं उभा करतो.

आपल्या कोल्हापूरचाच इतिहास पाहूं. ३० जानेवारी १९४८ रोजीं नथुराम गोडसे यानें दिल्लींत महात्मा गांधींचा खून केला. खुनी ब्राह्मण होता, एवढ्यावरून कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत ज्यांचा त्या कृत्याशीं सुतराम् संबंध नव्हता अशा ब्राह्मणांचीं घरेंदारें जाळण्यांत आलीं. कोल्हापुरांत भालजी पेंढारकरांचा स्टुडिओही आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. अहिंसेच्या पुजाऱ्याचें सुतक जमावानें जाळपोळीनें पाळलें!

ब्राह्मणेतरांच्या तक्रारी खोट्या होत्या, असें मात्र कोणी समजूं नये. शिक्षणांतील व नोकऱ्यांतील विषमता खरी होती. परंतु तिच्यावरील उपाय याच कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं २६ जुलै १९०२ रोजीं योजिला होता. संस्थानच्या नोकरींत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवण्याचा तो हुकूम. त्या हुकुमानें कोणाचें घर जळलें नाहीं. आणि १९४८ च्या आगीनें कोणास नोकरी मिळाली नाहीं.

ही रीत त्या सालाबरोबर संपली नाहीं. ७ जून २०२३ रोजीं, मोबाइलवर झळकलेल्या कांहीं मजकुरावरून कोल्हापुरांत बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, पोलिसांना लाठीमार करावा लागला. मजकूर थोड्यांनीं लावला. दगड मात्र त्याच्याशीं संबंध नसलेल्या मुसलमानांच्या दुकानांवरही पडले. जात बदलली, धर्म बदलला. हिशेबाची चूक तीच राहिली.

अशा दिवसाची झळ शहरापुरती राहत नाहीं. इचलकरंजीस लागून असलेल्या कबनूरसारख्या गांवीं यंत्रमागावर अनेकांचे संसार चालतात. सूत एकानें आणावयाचें, माग दुसऱ्यानें चालवावयाचा, कापड तिसऱ्यानें विकावयाचें. हे तिघे एकाच जातीचे वा धर्माचे असतीलच असें नाहीं. बंदच्या दिवशीं माग थांबला कीं मजुरी मात्र सर्वांचीच बुडते. आणि भडकविणाऱ्यास त्याचा तोटा क्वचितच सोसावा लागतो.

तेव्हां उद्यां एखादी संतापजनक वार्ता आपल्या हातीं आली, तर ती पुढें धाडण्यापूर्वीं एकच प्रश्न करावा : हें कोणीं केलें? उत्तरांत एखाद्या माणसाचें नांव असेल, तर त्याचा न्याय करण्यास कायदा आहे. उत्तरांत जातीचें किंवा धर्माचें नांव येऊं लागलें, कीं तेथेंच थांबावें. आणि घरांतील मुलांनाही तें समजावून सांगावें.