घरबसल्या काम शोधताना : पैसा कोणाकडून कोणाकडे जातो ते आधी बघा

भिलाईहून बोलतोय. सैन्यात तीस वर्षं काढून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालो. सध्या रोज सकाळी नातवाला शाळेच्या बसपर्यंत पोहोचवणं ही माझी पक्की ड्यूटी आहे.

आजचा विषय लहान मुलं असलेल्या आईवडिलांसाठी आहे. घरी बसून करता येईल असं खरं काम कसं शोधायचं आणि खोटं कसं ओळखायचं? हा विषय घ्यायचं कारण आमच्याच घरात घडलं. सूनबाईंना विचारूनच सांगतोय. ती म्हणाली, "बाबा, माझं नाव घेऊ नका, पण सांगा जरूर."

मुलगा प्लांटमध्ये शिफ्ट ड्यूटीला आहे. सून बी.कॉम. झालेली. लग्नाआधी नागपूरला एका ऑफिसात हिशेबाचं काम करायची. नातू झाला आणि नोकरी सुटली. तो शाळेत जायला लागल्यावर तिला वाटलं, आता हाताला काही काम हवं. त्याच सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला : दिवसाला दोन तास, घरबसल्या, हॉटेलांना ऑनलाइन पाच स्टार द्यायचे, रोजचे हजार ते तीन हजार.

पहिल्या दिवशी तिच्या खात्यात खरोखरच 210 रुपये आले. दुसऱ्या दिवशी तिला टेलिग्रामच्या एका ग्रुपमध्ये घेतलं. तिथे 'प्रीपेड टास्क' होता. 1,000 भरा, 1,300 परत. तेही परत मिळाले. मग 5,000 भरले, मग 12,000. मग सांगण्यात आलं, "तुमच्याकडून टास्क चुकला, सगळी रक्कम अडकली, 28,000 भरा म्हणजे सुटेल." तेही भरले. एकूण 45,000 रुपये गेले. नातवाच्या पुढच्या वर्षाच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यातच होते.

चार दिवस ती घरात कोणाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी सांगितलं. मी विचारलं, "आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "बाबा, मागच्याच महिन्यात जेवताना तुम्ही म्हणाला होतात, फसतात ते लोभीच असतात."

मंडळी, हे वाक्य माझंच होतं. त्या वाक्याने आमचे चार दिवस खाल्ले. आम्ही तक्रार केली, तोवर पैसे चार खात्यांतून फिरून काढलेही गेले होते. आजपर्यंत त्यातला रुपया परत आलेला नाही.

पहिले 210 रुपये का मिळाले?

ते पैसे म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ. दोनदा पैसे परत आले की माणसाची शंका मावळते. ग्रुपमध्ये "मला आज आठ हजार मिळाले" असं लिहिणारे बहुतेक त्यांचेच लोक असतात. पैसे अडकले की माणूस पुढची रक्कम कमाईसाठी भरत नाही, आधीची सोडवायला भरतो. तिथे लोभ संपलेला असतो आणि भीती सुरू झालेली असते. म्हणून शिकलेली, हिशेब जाणणारी माणसंही यात सापडतात.

हे एकट्यादुकट्या ठगाचं काम नाही. डिसेंबर 2023 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या शिफारशीवरून शंभराहून जास्त वेबसाइट बंद करण्यात आल्या. त्या गुंतवणुकीच्या आणि अशाच 'टास्क'वाल्या अर्धवेळ नोकरीच्या फसवणुकीसाठी चालवल्या जात होत्या. सरकारने तेव्हा सांगितलं होतं की यांचं लक्ष्य मुख्यतः निवृत्त माणसं, महिला आणि बेरोजगार तरुण असतात. म्हणजे आमच्या घरात त्यांच्या यादीतले दोघं होते, सून आणि मी.

खरं घरकाम कसं दिसतं

खोटं ओळखायला आधी खरं पाहिलेलं असावं. 1959 सालचं उदाहरण देतो. त्या वर्षी 4 फेब्रुवारीला आमच्या भिलाईत पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. पुरुषांना कारखान्यात काम मिळालं. त्यानंतर सव्वा महिन्याने, 15 मार्चला, मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच पुढे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड झालं. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

त्यांची पद्धत बघा. पीठ केंद्रावर मळलं जातं. बाई वजन करून गोळा घरी नेते, घरची कामं आणि मुलं सांभाळत लाटते, वाळवते. दुसऱ्या दिवशी पापड केंद्रावर देते. तिथे वजन होतं, माल तपासला जातो आणि लाटणावळ मिळते. घरात लाटायला-वाळवायला स्वच्छ जागा आहे की नाही, हेही आधी पाहिलं जातं.

यात चार गोष्टी आहेत. काम कोण देतं ते ठाऊक आहे. कच्चा माल काम देणाऱ्याचा आहे. काम तपासलं जातं, कारण ते पुढे कुणीतरी विकत घेणार आहे. आणि पैसा काम देणाऱ्याकडून काम करणाऱ्याकडे येतो. संगणकावरचं काम असो की पापडाचं, या चार गोष्टी बदलत नाहीत. हॉटेल न पाहता त्याला पाच स्टार देण्यात कोणतं काम झालं? ते कोण तपासणार? त्याचे तीन हजार कोण आणि का देईल? हे प्रश्न आम्ही विचारले असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

फसवणुकीच्या आणखी तीन जाती

पहिली, पॅकिंगची. एखाद्या नामांकित पेन्सिल किंवा पेन कंपनीच्या नावाने जाहिरात येते : घरी पॅकिंग करा, महिना तीस हजार. आधी नोंदणीचे सहाशे, मग ओळखपत्राचे, मग गाडीभाड्याचे. माल कधीच येत नाही. साधा विचार करा, जे पॅकिंग यंत्र क्षणात करतं त्यासाठी कंपनी तुमच्या घरी टेम्पो कशाला पाठवेल?

दुसरी, डेटा एंट्रीची. ऑनलाइन करारावर सही घेतात, वाचता येणार नाहीत अशी पानं टाइप करायला देतात आणि नंतर म्हणतात, "चुका जास्त झाल्या, करार मोडला, नुकसानभरपाई भरा." मग वकिलाच्या नावाने नोटीस येते आणि अटकेची धमकीही. लक्षात ठेवा, टायपिंगच्या चुकांसाठी कुणाला अटक होत नाही. पैसे भरू नका. सगळे निरोप जपून ठेवा आणि पोलिसांकडे तक्रार करा.

तिसरी सगळ्यात घातक. यात तुमचे पैसे जात नाहीत, उलट येतात. "तुमच्या खात्यात रक्कम जमा होईल, कमिशन ठेवून बाकी आम्ही सांगू त्या खात्यात पाठवा." ते पैसे दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीचे असतात. खातं गोठतं आणि पोलीस तुमच्या दारात येतात. आमच्या सुनेचे पैसे ज्या खात्यांतून फिरले, त्यातलं एखादं असंच 'घरबसल्या काम' करणाऱ्या माणसाचं असेल.

म्हणून नियम पूर्ण सांगतो. जो काम देतो तो पैसे देतो. तुम्ही त्याला द्यायचे नाहीत आणि त्याच्या सांगण्यावरून तिसऱ्यालाही पाठवायचे नाहीत. डबे करायला भांडी घेतलीत, शिकवणीला फळा घेतलात, तर तो तुमचा धंद्याचा खर्च. तो दुकानदाराला जातो आणि वस्तू तुमच्या घरी राहते. ही गोष्ट वेगळी.

संत्र्यासारखं थांबवा

छावणीच्या फाटकावर रात्री कुणी आलं की संत्री ओरडतो, "थम! कौन आता है?" उत्तर पटलं नाही तर जनरलसाहेबही आत जात नाहीत. कामाचा निरोप आला की तसंच करा.

एक. तुम्ही अर्ज केला होता का? न मागता नोकरी दाराशी येत नाही.

दोन. कंपनी कोणती? कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर जीएसटी क्रमांक तपासता येतो. पण एवढ्यावर थांबू नका. ठग खऱ्या कंपनीचं नाव वापरतात. त्यांनी दिलेला नंबर सोडा, कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरचा नंबर शोधून विचारा, "ही जागा तुम्ही काढली आहे का?"

तीन. मुलाखत झाली का? तुमचं शिक्षण, अनुभव काहीच न विचारता नेमणूक होत असेल तर थांबा.

चार. अटी लेखी आहेत का? काम काय, तास किती, मोबदला किती, कोणत्या तारखेला?

पाच. काय मागतात? नेमणूक झाल्यावर खरी कंपनीही पॅन आणि खाते क्रमांक मागते, कारण पगार जमा करायचा असतो. ओटीपी, यूपीआय पिन, एटीएम कार्ड, तुमच्या नावाचं सिम हे कुणालाच लागत नाही. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, पिन पैसे देतानाच लागतो. आणि कर असेल तर तो तुमच्या मोबदल्यातून कापला जातो. "आधी टॅक्स भरा, मग कमाई सोडू" म्हणणारा ठगच.

काम शोधायचं कुठे?

मोबाइलवरच्या जाहिरातींपासून सुरुवात करू नका. सुरुवात ओळखीच्या माणसांपासून करा.

नोकरी अजून सुटली नसेल तर आधी तिथेच विचारा. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. शिवाय कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर मालकाशी ठरवून घरून काम करता येईल, अशी तरतूद आली. मालकाच्या संमतीने मिळणारी ही सोय आहे, पण मागितल्याशिवाय ती मिळणार नाही.

नोकरी सुटली असेल तर जुन्या ऑफिसला, गावातल्या चार्टर्ड अकाउंटंटना, शाळांना, दवाखान्यांना विचारा. केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस हे पोर्टल 2015 पासून चालू आहे. तिथे उमेदवाराला नोंदणीचे पैसे पडत नाहीत. तिथल्या जाहिरातीलाही वरचे पाच प्रश्न विचारायचेच.

आपल्याकडे काय आहे तेही मोजा. आपण महाराष्ट्राबाहेरची मराठी माणसं दोन-तीन भाषा सहज बोलतो. मराठी-हिंदी भाषांतर, मराठी ग्राहकांशी फोनवर बोलणं, परराज्यातल्या मुलांना ऑनलाइन मराठी शिकवणं ही खरी कामं आहेत. मोबदला सुरुवातीला बेताचाच असतो.

पण आधी घड्याळ मांडा. फोनवरच्या कामाला शांत खोली आणि ठरलेले तास लागतात. चार वर्षांचं पोर मागे ओरडत असताना ते जमत नाही. हिशेब, भाषांतर, वह्या तपासणं तुकड्या-तुकड्याने होतं. आणि घरच्यांनो, घरून काम म्हणजे कामच. त्या वेळात "जरा चहा टाक" बंद.

तरीही फसलात तर

लगेच 1930 वर फोन करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि बँकेला कळवा. ठगांच्या खात्यात पैसे असेपर्यंतच ते रोखता येतात. म्हणून पहिले काही तास मोलाचे. व्यवहार क्रमांक, स्क्रीनशॉट, नंबर काही पुसू नका. आणि "पैसे परत मिळवून देतो" म्हणून फी मागणारा नवा माणूस भेटला, तर तो त्याच टोळीचा दुसरा हात समजा.

आता सूनबाईंचं सांगतो. दोन महिन्यांनी ती स्वतः दुर्गला एका चार्टर्ड अकाउंटंटच्या ऑफिसात गेली. त्यांनी जुनी बिलं देऊन तासभर परीक्षा घेतली. पहिले पंधरा दिवस ऑफिसात बसून जीएसटीच्या नोंदी शिकली. आता घरून करते, सकाळी तीन तास, संध्याकाळी दोन. महिन्याला साडेसात हजार मिळतात, ठरलेल्या तारखेला, खात्यात. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या तीन हजार रोजापुढे हे फार थोडं. पण पहिला पगार आला त्या दिवशी तिने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "बाबा, या वेळी मी काही भरलं नाही."

संध्याकाळचे ते दोन तास नातू माझ्याकडे असतो. जेवणाच्या टेबलावरचं ते वाक्यही मी मागे घेतलं आहे. आज घरी गेल्यावर आपापल्या माणसांना एवढं सांगा : चूक झाली तर आधी मला सांग, रागवायचं नंतर बघू. चार दिवसांची ती गप्प बसण्याची वेळ कुणावर येऊ नये.

जय हिंद.