मत्स्यसोपान आणि माशांची पोहण्याची क्षमता

समुद्रात वाढून अंडी घालण्यासाठी नदीत परतणाऱ्या माशांच्या वाटेत धरण आले, म्हणजे त्यांच्यासाठी मत्स्यसोपान, अर्थात पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी पाण्याच्या कुंडांची मालिका, बांधावी लागते. अमेरिकेतील कोलंबिया नदीवरील बॉनव्हिल धरणावर असे सोपान १९३८ पासून आहेत. पायरी किती उंच असावी हा प्रश्न वरकरणी स्थापत्याचा वाटला, तरी त्याचे उत्तर माशाच्या स्नायूंत शोधावे लागते.

माशाचे तांबडे स्नायू प्राणवायूच्या साहाय्याने मंद गतीने, पण दीर्घकाळ काम करतात; पांढरे स्नायू मोठा वेग देतात, परंतु लवकर थकतात. झेपेचा वेग जेमतेम वीस सेकंद टिकतो. कॅनडातील जे. आर. ब्रेट यांनी सॉकाय सॅमन मासे बंद नळीतील प्रवाहात सोडले आणि प्रवाहाचा वेग टप्प्याटप्प्याने वाढवून ते कोठे थकतात हे मोजले. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत त्यांची क्षमता सुमारे १५° सें. तापमानास सर्वाधिक आढळली.

आता ३० सेंमी. उंचीची पायरी घेऊ. तीवरून उतरणाऱ्या पाण्याचा वेग गणिताने सेकंदास सुमारे २.४ मी. येतो. एखादा मासा सेकंदास ३ मी. वेगाने १० सेकंद पोहू शकतो असे मानल्यास, तेवढ्याच वेगाच्या सम प्रवाहात तो ६ मी. पुढे सरकेल. पायरी ४० सेंमी. केल्यास प्रवाहाचा वेग २.८ मी. होतो आणि तेच अंतर केवळ २ मी. उरते. म्हणजे पायरीची उंची एकतृतीयांशाने वाढविली, तर माशाची मजल एकतृतीयांशावर येते. शिवाय प्रत्येक कुंडात पाण्याचा जोर जिरून माशाला विसावा मिळावा लागतो.

तथापि हे माप कोणत्या माशाचे, हा खरा प्रश्न आहे. कोलंबियावरील सोपान मुख्यतः सॅमन व स्टीलहेड यांच्या शक्तीस अनुसरून बांधले गेले. त्याच नदीतील पॅसिफिक लॅम्प्री हा जबडा नसलेला प्राणी वेगवान प्रवाहात थोडी झेप घेतो, तोंडाने भिंतीस चिकटून विसावतो आणि पुन्हा झेपावतो. काटकोनी कडेवर त्याची पकड सुटते, त्यामुळे अनेक लॅम्प्री धरणाखालीच राहतात. नदीकाठच्या आदिवासी जमातींचे हे परंपरागत अन्न होय. २००० नंतर बॉनव्हिल येथे त्यांच्यासाठी धातूचे स्वतंत्र उतरणीचे मार्ग बसविण्यात आले.

यावरून असे दिसते की, सॅमन मोठ्या संख्येने वर चढले एवढ्यावरून सोपान यशस्वी ठरत नाही. नदीतील सर्वांत दुर्बल प्रवाशाची क्षमता आधी मोजून मगच पायरीची उंची ठरविणे इष्ट होय.