गर्दी माळेगावला, सामना कॉलेजात

मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोड्यांचा आणि उंटांचा बाजार, तमाशाचे फड, भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसं आणि या सगळ्यात कुस्त्यांची दंगल. आधी पोरासोरांच्या किरकोळ जोड्या लागतात, मग आकडा चढत जातो. शेवटच्या मोठ्या कुस्तीला आखाड्याभोवती पाय ठेवायला जागा उरत नाही. हलगी कडकडत असते आणि निवेदक माइकवरून सांगत असतो : पैलवान कुठल्या गावचा, कोणत्या तालमीत तयार झाला, वस्ताद कोण, मागच्या फडात कुणाला आस्मान दाखवलं. मधेच एखादा गावकरी उठून इनाम जाहीर करतो, त्याचंही नाव माइकवर जातं.

याच नांदेड जिल्ह्यात पावसाळा सरताना आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचे सामने होतात. हजर असतात ते दोन संघ, आपली पाळी येईपर्यंत बुटांच्या नाड्या बांधत बसलेले आणखी दोन, क्रीडा संचालक, पंच, निवड समितीचे दोन-तीन सदस्य आणि चहावाला. कंपाउंडच्या भिंतीवर गल्लीतली चार पोरं. यजमान कॉलेजातल्या बहुतेकांना आपल्या आवारात सामना चालू आहे हे कळतं ते पार्किंगमध्ये परक्या ट्रॅकसूटमधली मुलं दिसल्यावर.

मराठवाड्यात फुटबॉलला विचारतो कोण, असं म्हणून विषय झटकता येईल. बरेच जण झटकतातही. पण नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांना खेळ बघायची सवय नाही, हे काही खरं नाही. 1969 चं महाराष्ट्र केसरी अधिवेशन लातुरात भरलं आणि गदा मिळवली ती निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक घेतलं, नंतर बेळगावच्या मैदानात पैलवान सतपालला हरवलं. त्यांची ती कुस्ती न बघितलेली माणसंही आज ती डावासकट सांगतात. नांदेडमध्ये गुरु गोविंदसिंघजींच्या प्रकाशपर्वाच्या सुमारास खालसा हायस्कूलच्या मैदानावर ‘गोल्ड अँड सिल्व्हर कप’ हॉकी रंगते, तेव्हा लष्कराचे, रेल्वेचे, पंजाबचे संघ बघायला शहर लोटतं. गावोगावी हॉकी खेळली जाते म्हणून हे घडत नाही. स्पर्धा सचखंड गुरुद्वाऱ्याच्या शहरात, गुरूंच्या नावाने आणि ठरलेल्या तिथीला होते. कधी आणि कुठे हे लोकांना आधीपासून ठाऊक असतं.

आणि फुटबॉल इथल्या माणसाला परका असण्याचं तर इतिहासातही कारण नव्हतं. 1948 पर्यंत नांदेड आणि लातूर हैदराबाद संस्थानात होते, आणि हैदराबाद हे त्या काळी देशातलं फुटबॉलचं एक मोठं ठाणं होतं. हैदराबाद सिटी पोलिसच्या संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप नेला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर, उस्मानिया विद्यापीठाच्या संघातून पुढे आलेले. त्यांच्याच हाताखाली भारत 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा आला आणि 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकला. ‘मैदान’ या चित्रपटामुळे रहीम यांचं नाव अलीकडे पुन्हा चर्चेत आलं. म्हणजे भारतीय फुटबॉलचा सर्वांत मोठा गुरू विद्यापीठाच्या मैदानावर घडला, तोही त्याच संस्थानाच्या राजधानीत. मनमाड-हैदराबाद रेल्वेने नांदेडला हैदराबादचं पुष्कळ काही आणलं. फुटबॉल मात्र कुठेतरी मधल्या स्टेशनावर उतरला असावा.

महाराष्ट्रात फुटबॉलची गर्दी बघायची तर कोल्हापूर गाठावं लागतं. तिथल्या राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम किंवा दिलबहार आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की त्या दिवशी दुकानांचे गल्ले पोरांच्या हवाली करून मालक स्टेडियमवर. नावं नीट बघितली तर गोष्ट कळते. बहुतेक संघ तालमींचे आहेत. ज्या वास्तूत लाल माती होती, तिथल्याच पोरांनी पुढे फुटबॉल पायाशी घेतला, आणि पैलवानामागे उभी राहणारी पेठ जशीच्या तशी संघामागे उभी राहिली. 1940 मध्ये स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, जिला सगळे केएसए म्हणतात, सोळा वरिष्ठ संघांची लीग चालवते. हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, एकामागून एक चषक. शिवाजी पेठेतल्या आजोबांना नातवाच्या परीक्षेची तारीख ठाऊक नसेल, लीगचं वेळापत्रक पाठ असतं. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा.

मराठवाड्यात तालमी नव्हत्या का? होत्या, आहेत. फरक पडला तो संघ कुणाच्या मालकीचा यात. कोल्हापुरात संघ पेठेचा, तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. नांदेड-लातुरात संघ कॉलेजचा, आणि कॉलेजचा विद्यार्थी तीन वर्षांत निघून जातो. राहतात ते क्रीडा संचालक आणि कपाटातल्या ढाली.

शिवाय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची रचनाच प्रेक्षकांना डोळ्यांसमोर ठेवून झालेली नाही. तिचं काम निवडीचं. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात. त्यातल्या महाविद्यालयांतून विद्यापीठाचा संघ निवडायचा, तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला पाठवायचा, तिथून पुढे गेलाच तर सर आशुतोष मुखर्जी ट्रॉफीसाठी खेळायचं. 1941 पासून चालत आलेली ही साखळी खेळाडूच्या दृष्टीने मोलाची आहे : विद्यापीठाचा कलर कोट, प्रमाणपत्र, आणि फार पुढे मजल गेली तर सरकारी नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण. पण बघणाऱ्याला त्यात काय? बाद पद्धतीचे सामने दोन-तीन दिवसांत एकाच यजमान कॉलेजात उरकले जातात. हरलेला संघ संध्याकाळच्या एसटीने घरी. नायगावच्या किंवा औशाच्या कॉलेजचा संघ आपल्या गावात, आपल्या माणसांसमोर वर्षाकाठी एकदाही खेळत नाही. मैदान रिकामं राहिलं म्हणून कुणाचं काही अडतही नाही. टीए-डीए निघतो, निकाल कळवला जातो, निवड यादी लागते.

यावर लगेच ‘आजची मुलं मोबाइलमध्येच असतात’ हे उत्तर तयार असतं. त्याच विद्यापीठाचा ‘ज्ञानतीर्थ’ युवक महोत्सव मात्र ते खोडून काढतो. एकांकिका, शोभायात्रा, लोकनृत्य यांना तीच मुलं घसा बसेपर्यंत ओरडतात. यामागचं कारण सरावाच्या जागेत सापडतं. लोकनृत्याचा सराव कॉलेजच्या हॉलमध्ये दुपारी चालतो, येणारा-जाणारा खिडकीतून डोकावतो, ढोलकी वर्गापर्यंत ऐकू येते, कुणाच्या तरी बहिणीची नऊवारी मागून आणली जाते. पंधरा दिवसांत निम्म्या कॉलेजला त्या बाराजणांची नावं कळलेली असतात. फुटबॉलचा संघ पहाटे सहाला सराव करतो. तेव्हा आवारात वॉचमन असतो.

लातूरचं गणित आणखी वेगळं आहे. दयानंद शिक्षण संस्था 1961 ची, राजर्षी शाहू महाविद्यालय 1970 चं. या आणि अशा संस्थांनी परीक्षांच्या तयारीचा ‘लातूर पॅटर्न’ नावारूपाला आणला आणि शहराचा दिवसच त्या भोवती बांधला गेला. अकरावी-बारावीची हजारो मुलं राज्यभरातून येऊन इथे राहतात, ‘ट्यूशन एरिया’ नावाचा एक भागच उभा राहिला आहे. नांदेडही आता नीटच्या तयारीत मागे नाही. सकाळी बॅच, दुपारी बॅच, रविवारी टेस्ट. या मुलाला दुपारी दोनच्या उन्हात दोन तास सामना बघायला बोलावणं म्हणजे त्याची चेष्टा आहे. पण ही मुलं घर सोडून आलेली, खोलीवर राहणारी, संध्याकाळी चहाच्या टपरीशी घोळक्याने उभी असलेली असतात. प्रेक्षक म्हणून याहून चांगला समूह शोधूनही मिळायचा नाही. प्रश्न वेळेचा आहे. साडेपाचला सुरू होऊन सातला संपणारा, प्रत्येकी पस्तीस मिनिटांच्या दोन डावांचा सामना त्यांच्या दिवसात बसतो. त्यासाठी दिवे लागतात. दिवे लावणं हे काही चंद्रावर जाणं नाही, गणपतीत दहा दिवस प्रत्येक मंडळ तेच करतं.

अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉलला लाखाची गर्दी जमते. त्यांचा फुटबॉल हाताने पकडून पळण्याचा, आपल्यापेक्षा निराळा. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता एक लाख सात हजारांवर आहे. पण 1869 मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन या कॉलेजांत पहिला सामना झाला तेव्हा प्रेक्षक जेमतेम शंभर होते. गर्दी वाढवणाऱ्या गोष्टींपैकी एक आपल्याकडेही जमण्याजोगी आहे. 1911 मध्ये मिसुरी विद्यापीठाने कॅन्ससविरुद्धच्या सामन्याला माजी विद्यार्थ्यांना ‘घरी या’ असं आवतण धाडलं आणि ते आले. आपल्याकडे नॅकच्या मूल्यांकनासाठी प्रत्येक कॉलेजला माजी विद्यार्थी मेळावा घ्यावाच लागतो. सत्कार, शाल, नारळ, तीन भाषणं, पुलाव. 1950 चं पीपल्स कॉलेज आणि 1963 चं यशवंत महाविद्यालय यांचे माजी विद्यार्थी नांदेडच्या प्रत्येक गल्लीत सापडतील. त्यांच्या मेळाव्याच्या संध्याकाळी या दोन कॉलेजांचा सामना ठेवला तर भाषणं आपोआप आटोपशीर होतील, हा वरचा फायदा. ज्या शहराने नरहर कुरुंदकरांची लांबलचक व्याख्यानं तल्लीन होऊन ऐकली, ते तासभर फुटबॉल बघायला कंटाळणार नाही.

माळेगावच्या निवेदकाकडून घेण्यासारखं बरंच आहे. आंतरमहाविद्यालयीन सामन्यात माइक असतो तो उद्घाटनाला, मान्यवरांची नावं घ्यायला. चेंडू पडला की माइक बंद. दहा नंबरचा मुलगा मुखेडचा आहे, वडील ऊसतोडीला जातात, मागच्या सामन्यात यानेच दोन गोल मारले, एवढं जरी बोललं गेलं तरी भिंतीवरचा पोरगा खाली उतरून रेषेजवळ येईल. 1911 मध्ये मोहन बागानने आयएफए शिल्ड जिंकली तेव्हा मैदानात मावले नाहीत त्यांना गोल कळावेत म्हणून कोलकात्यात पतंग उडवले गेले होते. आता कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वेळापत्रक टाकायलाही कुणी नसतं.

मुलींचा विचार वेगळा करायला हवा, कारण कॉलेजातला निम्मा प्रेक्षकवर्ग त्याच होऊ शकतात. त्या मैदानावर का येत नाहीत याची कारणं घरगुती आणि साधी आहेत : स्वच्छतागृह नाही, बसायला जागा नाही, शेवटची गाडी चुकते, शेजारी उभी राहिलेली टोळी शिव्या देते. मुलींचा सामना मुलांच्या अंतिम सामन्याआधी त्याच मैदानावर ठेवला तर निदान दोन्ही संघांच्या मैत्रिणी तरी थांबतील.

2017 च्या 15 सप्टेंबरला राज्यभर ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ झालं. शाळांना चेंडू वाटले गेले, दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा असा बेत होता. नांदेड-लातूरच्या जिल्हा परिषद शाळांतही त्या दिवशी चेंडू उडाले. पुढच्या महिन्यात भारतात झालेला सतरा वर्षांखालील विश्वचषक 13 लाखांहून अधिक लोकांनी स्टेडियममध्ये जाऊन पाहिला, त्या स्पर्धेच्या इतिहासातला तो विक्रम ठरला. त्या वर्षी पाचवी-सहावीत चेंडूला पहिली लाथ मारलेली मुलं नंतर याच कॉलेजांच्या वर्गांत येऊन बसली. चेंडू देणाऱ्यांनी त्यांना बघायला एखादा सामना मात्र दिला नाही.

कोल्हापूरचं सगळंच उचलायचं नाही, हेही सांगायला हवं. तिथे पेठांची ईर्ष्या कधी कधी दगडफेकीवर गेली आहे, सामन्यांना पोलिसांचा फौजफाटा लागतो. नांदेड-लातूरसारख्या ठिकाणी कॉलेजांची भांडणं जातीच्या आणि राजकारणाच्या वाटेने जायला वेळ लागत नाही. म्हणून सुरुवात लहान बरी : नांदेडची चार, लातूरची चार कॉलेजं, शहरातल्या शहरात साखळी सामने, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या. ठरलेला वार, ठरलेली वेळ.

राहता राहिलं मैदान. काळी माती पावसात बुटाला किलो-किलो चिकटते आणि उन्हाळ्यात तिला चेंडू अडकेल अशा भेगा पडतात. त्यामुळे बहुतेक मैदानांवर मुरूम, आणि मुरमावर स्लायडिंग टॅकल करणाऱ्याची मांडी सोलून निघते. लातुरात हिरवळ लावा असं म्हणणाऱ्याने 2016 चा एप्रिल आठवावा, शहराला पिण्याचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं होतं. नैसर्गिक गवत टिकतं ते पावसाळ्याच्या शेवटच्या दीड-दोन महिन्यांत, तेवढाच इथला हंगाम. त्यात एक तारीख आयती मिळते. 17 सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, आणि 1994 मध्ये विद्यापीठाची स्थापनाही त्याच दिवशी झाली. सकाळी झेंडावंदनाला गावातली सगळी माणसं बाहेर पडलेली असतात आणि दुपारनंतर कुणाला काही काम नसतं. त्या संध्याकाळी नांदेड विरुद्ध लातूर असा एक सामना, एक वर्ष इथे, एक वर्ष तिथे, भरवता येईल. फक्त सप्टेंबरातला पाऊस धरून दुसरा दिवस राखीव ठेवावा लागेल, आणि तो कामाचा दिवस असेल तर सामना साडेपाचच्या आधी सुरू करू नये.