पाणी ओतण्याआधी मालाला हात लावून पाहा

कालवलेला माल पाच मिनिटांत घट्ट झाला, की साइटवर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "सिमेंट डुप्लिकेट दिसतंय." दुसरं, "अजून पाणी टाक." पहिला निष्कर्ष घाईचा आहे आणि दुसऱ्या उपायानं बांधकामाचं कायमचं नुकसान होतं.

या गोंधळाच्या मुळाशी जिप्सम आहे. सिमेंट बनवताना भट्टीतून निघालेले खडे, म्हणजे क्लिंकर, दळताना त्यात साधारण ३ ते ५ टक्के जिप्सम घालतात. ही भेसळ आहे असं अनेकांना वाटतं. पण क्लिंकरमधलं ट्रायकॅल्शियम अ‍ॅल्युमिनेट पाणी लागताच इतक्या वेगानं क्रिया करतं, की जिप्सम नसेल तर माल घमेल्यातच आवळून जाईल. जिप्सम त्याला रोखून धरतो, म्हणून तर गवंड्याला थापी फिरवायला वेळ मिळतो.

आता दळताना गिरणीतलं तापमान ११५-१२० अंशांच्या वर गेलं, तर जिप्सममधलं बरंचसं पाणी उडून त्याचं प्लॅस्टर ऑफ पॅरिस होतं. गणपतीच्या मूर्तींचं असतं, तेच. असं सिमेंट भिजलं की हा अंश पुन्हा जिप्सम बनतो, त्याच्या स्फटिकांचं जाळं तयार होतं आणि माल ताठरतो. याला फॉल्स सेट म्हणतात. सिमेंट अजून सेट झालेलंच नसतं. पाण्याचा थेंबही न घालता मिक्सर पुन्हा फिरवला की माल मऊ पडतो, पुढे नेहमीच्या वेळेला सेट होतो आणि मजबुतीही पूर्ण देतो.

फ्लॅश सेट मात्र खरा दोष आहे. त्यात अ‍ॅल्युमिनेटला आवरायला जिप्सम कमी पडलेला असतो. माल चांगलाच गरम होतो आणि कितीही घोटला तरी मोकळा होत नाही. असा माल टाकूनच द्यावा. फरक ओळखायला मालाला हात लावून पाहायचा, मग तो पुन्हा कालवायचा. वरून पाणी ओतलं तर दोन्हींतला फरक कळत नाहीच, शिवाय ते जादा पाणी पुढे काँक्रीटमध्ये छिद्रं सोडतं, मजबुती घटते आणि भेगा वाढतात.

लवकर घट्ट होणारं सिमेंट जास्त मजबूत, हाही असाच समज. भारतीय मानकानुसार साधं पोर्टलँड सिमेंट ३० मिनिटांच्या आत सेट होऊ लागता कामा नये आणि १० तासांत पूर्ण सेट व्हायला हवं. मजबुतीचा हिशेब वेगळा. तो २८ दिवसांनी होतो.

उशिरा सेट होणाऱ्या मालावरही भेसळीचा शिक्का लगेच बसतो. थंडी, पीपीसीतली (पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमधली) फ्लाय अ‍ॅश, सेटिंग लांबवणाऱ्या रिटार्डरचा जास्त पडलेला डोस, यांतलं काहीही कारण असू शकतं. ऊसपट्ट्यात आणखी एक सांभाळायला हवं : मळी वाहिलेल्या टँकरचं पाणी. सिमेंटच्या वजनाच्या अवघी ०.०५ टक्के साखर सेटिंग काही तास लांबवते. १ टक्क्याला तर माल सेट होणं जवळजवळ थांबतंच. फक्त थंडीनं रेंगाळलेला स्लॅब तोडायची गरज नसते. तो ओला ठेवावा आणि सेंट्रिंग काढायची तारीख पुढे ढकलावी.