न पेटलेल्या तंबाखूचा वास

तंबाखूच्या अत्तरांचा माग काढत मागे गेलं की पहिलं मोठं नाव लागतं ‘ताबाक ब्लाँ’. पॅरिसच्या कारों घराण्याच्या एर्नेस्ट दाल्त्रॉफ यांचं हे अत्तर 1919 साली आलं. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, बायका चारचौघांत सिगारेट ओढू लागल्या होत्या आणि हे अत्तर त्यांच्यासाठीच होतं. नाव तंबाखूचं, पण बाटलीत मुख्यतः चामड्याचा आणि कार्नेशनच्या फुलाचा वास. तंबाखूचा वास यायचा तो त्या बाईच्या बोटांतून आणि केसांतून. अत्तराने फक्त त्याला सोबत करायची.

दोनच वर्षांनी, 1921 मध्ये, मोलिनारने ‘हाबानिता’ काढलं. ते तर सुरुवातीला अंगाला लावायचं नव्हतंच. काचेची कांडी बाटलीत बुडवायची, सिगारेटवरून हलकेच फिरवायची आणि मग ती पेटवायची, म्हणजे धूर सुगंधी. ते अंगाला लावायचं अत्तर झालं ते नंतर.

हे दोन दाखले मी मुद्दाम आधी सांगितले. एकावर एक वास चढवण्याला आता लेअरिंग म्हणतात आणि ते आजच्या पिढीचं खूळ आहे असं धरून चालतात. तंबाखूच्या बाबतीत तरी ते खरं नाही. हा वास अत्तराच्या दुनियेत आला तोच जोडीदाराचा हात धरून.

माझं माहेर निपाणी. विडीच्या तंबाखूची पेठ. धूर माहीत होण्याआधी मला पाला माहीत होता: वखारीच्या दारातून येणारा, वाळलेल्या गवताचा, मनुकांचा, थोडा मधाचा वास. त्यात काय काय मिसळलेलं आहे तेही मी विसरत नाही. त्या भुकटीत दिवसभर तंबाखू चाळणाऱ्या बायकांचा खोकला आहे. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी याच पाल्याच्या भावासाठी महामार्ग अडवला आणि त्याचा शेवट गोळीबारात झाला, तेही आहे. तंबाखू मी कधी खाल्ली नाही की ओढली नाही, पण तिचा वास मला आवडतो.

मधली वर्षं भराभर सांगते. 1959 मध्ये जर्मनीत ‘ताबाक’ आलं. त्यात तंबाखूपेक्षा स्वच्छ साबणाचा वास जास्त. त्याच वर्षीचं गेर्लांचं ‘व्हेटिव्हेर’ मात्र मला फार मोलाचं वाटतं. व्हेटिव्हेर म्हणजे आपला वाळा. शब्दही मूळचा तमिळ. त्या थंड, मातकट मुळांच्या वासामागे तंबाखूची कोरडी ऊब ठेवलेली आहे.

पुढे 2007 साली टॉम फोर्डचं ‘टोबॅको व्हॅनिल’ आलं आणि नुसत्या पाल्याचा, न पेटलेल्या तंबाखूचा वास जगभर पोचला. माझ्यापर्यंत ते 2011 मध्ये आलं. दुबईच्या मावसभावाने आणलेली बोटभर कुपी. पहिल्याच लग्नात मी ते चार फवारे मारून, केसांत मोगऱ्याचा भरगच्च गजरा माळून गेले. मे महिना होता. व्हॅनिला आणि मोगरा दोघेही गोड. उकाड्यात त्यांचा असा काही पाक झाला की पंगतीत शेजारी बसलेल्या मामींचं डोकं चढलं आणि मी गजरा काढून पर्समध्ये ठेवला.

त्यानंतरची वर्षं शिकण्यात गेली. वाळ्याचं अत्तर आधी लावायचं, पाचेक मिनिटं मुरू द्यायचं आणि वर तंबाखूचा एकच फवारा, हे मला पावसाळ्यात सापडलं. अत्तर तेलकट, ते कातडीला धरून राहतं. स्पिरिटमधला फवारा भुरकन उडतो आणि आपला जड भाग मागे ठेवतो. लिंबू-संत्र्याचं कोलन वर मारलं तर ते पहिल्या अर्ध्या तासाचा सोबती. त्याचे हलके रेणू आधी जातात आणि तंबाखू मागे उरते. चंदन तिला शांत करतं. ऊद माझ्या अंगावर तिला गिळून टाकतो. तो नाद मी सोडला.

सगळ्यांत चांगली जोडी जमली ती गुलाबाशी, आणि त्यामागचं कारण कळलं तेव्हा मी हरखून गेले. पाला वाळताना आणि मुरताना त्यातली पिवळी-केशरी रंगद्रव्यं तुटतात आणि त्यातून वासाचे नवे रेणू तयार होतात. त्यांपैकी डॅमॅसिनोन हा गुलाबाच्या तेलातही असतो. अगदी थोडा, पण गुलाबाच्या वासाचा मोठा भार तोच उचलतो. म्हणजे गुलाब आणि तंबाखू यांची आधीपासूनच सोयरीक आहे. आपल्याकडच्या जर्दा करणाऱ्यांना ती नाकानेच कळली असावी. कनौजचा केवडा आणि गुलाब पिढ्यान् पिढ्या तंबाखूत पडत आला आहे. फ्रान्समध्ये माणसाने तंबाखूचं अत्तर लावलं. आपण तंबाखूलाच अत्तर लावलं.

यंदा फेब्रुवारीत निपाणीला गेले तेव्हा कुपी घरीच ठेवली. मनगटावर फक्त गुलाबाचं अत्तर. ओळखीच्या वखारीत नवा माल आला होता. ढिगाऱ्याशेजारी उभी राहिले आणि थोड्या वेळाने हात नाकाशी नेला. डोक्याला फडकं बांधून चाळण मारणाऱ्या अक्कांनी ते बघितलं.

“कसलं अत्तर लावलंयस गं?”

“गुलाब.”

त्यांनी माझं मनगट धरून वास घेतला, मान हलवली आणि पुन्हा एकदा घेतला.

“नुसता गुलाब न्हाई ह्यो,” त्या म्हणाल्या.