ऊन पाणी

पौष महिन्यातील पहाटे छत्रपती संभाजीनगरात बोचरा वारा सुटतो. अशा वेळी स्नानास ऊन पाणी मिळाले म्हणजे जिवाला बरे वाटते. पाणी तापविण्याची साधने काळानुसार पालटत गेली. एक गोष्ट मात्र पालटली नाही. जे साधन रोज विस्तव आणि पाणी यांच्याशी झगडते, ते केव्हा ना केव्हा नादुरुस्त होतेच, आणि त्याचा खर्च कोणास तरी सोसावा लागतो. तो कोणी सोसावा आणि केव्हा, हा प्रश्न घरोघरी उभा राहतो.

शहराजवळच्या दौलताबाद किल्ल्यात शाही हमामाची वास्तू आहे. राजेरजवाड्यांना ऊन पाण्यासाठी अशी स्वतंत्र इमारत लागे; सामान्य गृहस्थाचे काम परसातील चूल आणि तीवरचा हंडा यांवर भागत असे. पुढे महाराष्ट्रात घरोघरी तांब्याचा बंब आला. त्याची रचना साधी, पण मोठी युक्तीची. उभ्या पिंपाच्या मधोमध एक नळकांडे, त्याच्या तळाशी जाळी, आणि नळकांड्याभोवती पाणी. नळकांड्यात लाकडाच्या ढलप्या, नारळाच्या करवंट्या किंवा कणसांची बुरकुंडे पेटवीत. जाळ पाण्याच्या ऐन मध्यभागी असल्यामुळे त्याची उष्णता फारशी वाया जात नसे. उरलेली राख भांडी घासावयास उपयोगी पडे.

बंब टिकाऊ खरा, तरी त्याचे एक पथ्य कडक होते. पाणी भरल्यावाचून तो पेटवावयाचा नाही. ही चूक झाली, की सांध्यांचा डाख वितळे आणि बंब गळू लागे. मग तो तांबटाकडे न्यावा लागे. तांबट सांधा पाहून डाख देई, आपली मजुरी घेई, आणि तेथेच व्यवहार संपे. दिवाळीच्या आधी चिंच लावून बंब लखलखीत घासण्याची चाल होती. ती शोभेसाठी होती असे पुष्कळांस वाटते. पण घासताना बारीक भेग लगेच दृष्टीस पडे, हाही तिचा लाभ होता.

आता बहुतेक न्हाणीघरांत बंबाची जागा विजेच्या गिझरने घेतली आहे. त्याच्या टाकीत विजेची कांडी असते. पाणी ठरावीक अंशापर्यंत तापले, की तापनियंत्रक वीज बंद करतो. आणि टाकीतील दाब बेसुमार वाढल्यास सुरक्षा-झडप उघडून तो बाहेर सोडते. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ०.६ युनिट वीज लागते. २ किलोवॅटची कांडी हे काम सुमारे वीस मिनिटांत करते. गॅसवर चालणारा गिझर पाणी तत्काळ तापवितो. परंतु बंद न्हाणीघरात त्याच्या ज्वलनाने कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू साठतो. त्या वायूस वास नाही, रंग नाही. त्यामुळे आत असलेल्या माणसास धोका कळण्यापूर्वीच त्याची शुद्ध हरपते. असा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा लागतो. याविषयी काटकसर करणे म्हणजे जिवाशी खेळणे होय. गच्चीवरील सौर बंबास इंधनाचा खर्च नाही. ढगाळ दिवसांत मात्र तो हात आखडता घेतो.

या सर्व साधनांचा मराठवाड्यातील मोठा शत्रू पाण्यातच दडलेला आहे. हा प्रदेश काळ्या बेसाल्ट खडकाचा. त्यातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार उतरतात. शहरास नळाचे पाणी पैठणजवळच्या जायकवाडी धरणातून मिळते. ते जेथे पुरत नाही, तेथे लोक बोअरचे पाणी वापरतात. असे जड पाणी तापले, की क्षार वेगळे होऊन कांडीवर पांढरा थर धरतात. थरातून उष्णता नीट बाहेर पडत नाही. कांडी आतल्या आत अधिकाधिक तापते व अखेरीस जळते. सौर बंबाच्या काचनळ्यांतही हाच थर बसतो. वर्षातून एकदा कारागिराकडून टाकी साफ करून घेतली आणि तापमान ६० अंशांच्या वर नेले नाही, तर हा त्रास बराच कमी होतो.

इंग्लंडसारख्या थंड देशांत बॉयलर केवळ स्नानाचे पाणी तापवीत नाही. त्याचे ऊन पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरून सारे घर उबदार ठेवते. एका प्रकारचा बॉयलर लागेल तेव्हाच पाणी तापवितो, दुसऱ्यास तापलेले पाणी साठविण्याची टाकी लागते, आणि जुन्या प्रकारास तिच्या जोडीला माळ्यावर गार पाण्याचीही टाकी लागते. ऐन जानेवारीत बॉयलर बंद पडला, तर घरात राहणे कठीण होते. म्हणून तेथील पुष्कळ कुटुंबे दरमहा ठरावीक रक्कम भरून दुरुस्तीच्या खर्चाचा विमा उतरवितात. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हा विचार करावा लागतो.

विम्याचे तत्त्व समजण्यास सोपे आहे. समजा, शंभर घरांपैकी पाच घरांची यंत्रे दरवर्षी बिघडतात आणि प्रत्येक दुरुस्तीस ३,००० रुपये पडतात. एकूण खर्च १५,००० रुपये, म्हणजे प्रत्येक घरामागे १५० रुपये झाला. कंपनीचा कारभार व नफा त्यात मिळविला, की हप्ता याहून अधिकच होणार. यास्तव जो खर्च घरच्या शिलकेतून भागण्यासारखा आहे, त्यासाठी हप्ता भरण्यात फारसा लाभ नाही. जो खर्च कुटुंबाची घडी विस्कटून टाकील, त्यासाठीच विमा शोभतो.

आपल्याकडे हमीपत्र, वार्षिक देखभालीचा करार आणि विमा या तीन गोष्टींची गल्लत होते. हमीपत्र उत्पादक देतो. त्यात बहुधा टाकीची मुदत लांब व कांडीची आखूड असते. देखभालीच्या करारात ठरलेली तपासणी व दुरुस्ती मिळते. विमा आकस्मिक हानी भरून देतो. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेली ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी आग, पूर, भूकंप, तसेच पाण्याची टाकी किंवा नळ फुटणे अशा संकटांसाठी आहे. झिजून जळालेल्या कांडीचे पैसे त्यातून मागता येत नाहीत. देखभालीच्या करारावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावयाचे असतात. माणूस किती दिवसांत येईल? सुट्या भागांची किंमत करारात धरली आहे, की केवळ मजुरी? आणि क्षारांमुळे झालेला बिघाड वगळला आहे काय? ही शेवटची अट बारीक अक्षरांत असते, आणि बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरास तीच सर्वांत महाग पडते.