गंधाची भाषा आणि कपाशीचा शत्रू

मनुष्य आपले मनोगत वाणीने कळवितो; परंतु ज्या जीवांस वाणी नाही, त्यांपैकी कित्येक गंधाने बोलतात. मादागास्कर बेटातील पट्टेरी शेपटीच्या लेमूराचा नर मनगटावरील ग्रंथींचा वास शेपटीस चोळतो व ती प्रतिस्पर्ध्यापुढे हलवून त्यास आव्हान देतो. तथापि ही भाषा पाहावयास इतके दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या गंगापूर तालुक्यातील कपाशीच्या शेतांतही हंगामात रात्री ती चालू असते.

गुलाबी बोंडअळीचा पतंग लहान व करड्या रंगाचा असतो. त्याची मादी पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीतून एक गंध वाऱ्यावर सोडते. आपल्या नाकास तो कळत नाही. नराच्या शृंगिकांस मात्र त्याचे अत्यल्प कणही पुरतात. वाऱ्यास सामोरा उडत तो मादीस गाठतो. पुढे अंड्यातून निघालेली अळी बोंडात शिरून सरकी खाते, आणि तिच्या प्रवेशाचे छिद्रही बुजून जाते. म्हणून वरून हिरवेगार दिसणारे बोंड आत किडलेले निघते. २०१७ साली महाराष्ट्रातील असंख्य शेतकरी कुटुंबांनी हा कटु अनुभव घेतला.

असल्या गंधाचे रासायनिक स्वरूप प्रथम बुटेनांट या जर्मन शास्त्रज्ञाने १९५९ साली रेशमाच्या पतंगावरून उकलले; त्याकरिता सुमारे पाच लाख पतंग लागले. बोंडअळीच्या गंधाची ओळख १९७३ साली पटली. तो दोन द्रव्यांचे समभाग मिश्रण आहे. आता तो कृत्रिम रीतीने तयार करून रबराच्या गोळीत भरतात व ती सापळ्यात ठेवतात. यासच कामगंध सापळा म्हणतात.

या सापळ्यात केवळ नर सापडतात, आणि उरलेला एक नर अनेक माद्यांस पुरतो. यास्तव दोनचार सापळ्यांनी कीड नष्ट होईल असे समजू नये. सापळा हा पहारेकरी होय. एका सापळ्यात लागोपाठ तीन रात्री आठ किंवा अधिक पतंग सापडले, तर उपायाची वेळ आली असे शास्त्रज्ञ सांगतात. त्याबरोबर २० हिरवी बोंडे फोडून पाहावीत. दोहोंत अळी निघाल्यास शेकडा १० बोंडे किडली असे जाणावे. मोजल्यावाचून औषध फवारणे म्हणजे पैसा व प्रकृती दोन्ही व्यर्थ घालविणे होय.

विद्यार्थिमित्रहो, हे मोजण्याचे काम तुमच्या हातचे आहे. रोज सकाळी पतंगांचा आकडा वहीत टिपून वडिलांस दाखवा. पालकांसही आमची विनंती की, फवारणीपूर्वी मुलाची ती वही त्यांनी अवश्य पाहावी.